शब्द आमचा, चेहरा कुणाचा?

मुले दूरचित्रवाणीवर काय पाहतात, याविषयी आपल्या घरांतून साधारणतः तीन मते ऐकू येतात. पहिले मत बेफिकिरीचे. ‘कार्टूनच तर आहे, तेवढाच तासभर घरात शांतता.’ दुसरे मत धास्तावलेल्या माणसाचे. ‘सगळा परदेशी कचरा आहे, बंद करून टाका.’ तिसरे मत अलीकडच्या काळात अधिक ऐकू येते आणि ते वरकरणी फार अभिमानाचे भासते. ‘पाहा, अमेरिकेतली मुलेसुद्धा आता अवतार आणि चक्र म्हणू लागली!’ ही तिन्ही मते वेगवेगळ्या तोंडांतून येत असली, तरी त्यांच्यात एक साम्य आहे. तिघांपैकी कुणीही ती मालिका मुलाशेजारी बसून पाहिलेली नसते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन चित्रमालिका. निकेलोडियन वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ रोजी ती सुरू झाली आणि १९ जुलै २००८ रोजी संपली. एकूण ६१ भाग. तिच्यावरून २०१० साली चित्रपट निघाला, २०१२ ते २०१४ या काळात पुढच्या पिढीची कथा सांगणारी दुसरी मालिका आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने जिवंत नटांना घेऊन तीच कथा पुन्हा सांगितली. वीस वर्षे झाली, तरी या मालिकेवरचा प्रेक्षकांचा वाद शमलेला नाही. तो वाद कशावरून झाला, कुणी कुणाची बाजू घेतली आणि ज्यांच्या भाषेतला शब्द शीर्षस्थानी मिरवला जात होता ते आपण त्या वादात कोठे होतो, हे तपासण्याजोगे आहे.

मालिका कशी आहे?

प्रथम न्यायाची गोष्ट. ही मालिका थिल्लर नाही. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांनी निर्माण केलेले हे जग चार राष्ट्रांत विभागलेले आहे. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू. प्रत्येक राष्ट्रातील काही माणसांना आपापल्या तत्त्वावर प्रभुत्व असते. चारही तत्त्वांवर प्रभुत्व मिळविणारा मात्र जगात एका वेळी एकच, आणि तो म्हणजे ‘अवतार’. अग्निराष्ट्राने जग जिंकण्यासाठी युद्ध पुकारलेले आहे. वायुराष्ट्रातील साऱ्या भिक्षूंचा संहार झालेला आहे. शंभर वर्षे हिमनगात गोठून राहिलेला बारा वर्षांचा आंग हा त्यांच्यातला एकटा उरलेला. त्याने जगाचा तोल सावरायचा आहे.

युद्ध, वंशसंहार, निर्वासितांचे हाल, बापाने मुलाच्या चेहऱ्यावर दिलेला डाग आणि त्या मुलाचा दुष्टाव्याकडून सदाचाराकडे झालेला खडतर प्रवास, असे विषय लहान मुलांपुढे इतक्या संयमाने मांडणाऱ्या मालिका थोड्या. नायक शाकाहारी आहे आणि त्याबद्दल त्याची थट्टा करून कथा पुढे सरकत नाही. वृद्ध काका आपल्या भरकटलेल्या पुतण्याला चहाच्या पेल्यासोबत विवेक शिकवितो. २००८ सालचा पीबॉडी पुरस्कार या मालिकेला मिळाला, तो उगाच नव्हे. ज्याला टीका करावयाची आहे त्याने आधी हे मान्य केले पाहिजे. वाईट वस्तूवर टीका करणे सोपे असते. त्यातून काही शिकायला मिळत नाही.

शब्द उचलले, गाव पुसले

आता हिशेब मांडू. या जगातील जल-जमाती उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांवर बेतलेल्या आहेत. पृथ्वीराज्य उघड उघड चीन आहे. अग्निराष्ट्रात साम्राज्यवादी जपानची छाया स्पष्ट दिसते. वायुभिक्षूंचे मठ, त्यांचे मुंडण, त्यांची वस्त्रे तिबेटची आठवण करून देतात. प्रत्येक तत्त्वाच्या हालचालींसाठी खऱ्या चिनी युद्धकला घेतल्या आहेत. जलासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार, अग्नीसाठी उत्तर शाओलिन, वायूसाठी बाग्वा. त्यासाठी किसू या नावाने ओळखले जाणारे प्रशिक्षक सल्लागार म्हणून नेमले होते. पडद्यावर दिसणारी अक्षरे चिनी असून तीही शुद्ध असावीत म्हणून सिउ-लियुंग ली या सुलेखन-तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. एवढे कष्ट घेणाऱ्यांना दाद दिली पाहिजे.

आणि भारत? भारत या मालिकेत शब्दांच्या रूपाने आहे, देशाच्या रूपाने नाही. शीर्षकातला ‘अवतार’ आपला. अग्निराष्ट्रातील द्वंद्वयुद्धाला ‘अग्नी काई’ म्हणतात. त्यातला पहिला शब्द आपला. ‘चक्र’ आपले, ‘गुरू’ आपला. एका मारेकऱ्याच्या कपाळावर तिसरा डोळा आहे आणि त्यातून तो स्फोट घडवितो. ही कल्पना कोणत्या देवाच्या ललाटावरून आली, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आजीला सांगता येईल. पण ज्या शीर्षकात ‘अवतार’ शब्द आहे, त्याच शीर्षकपटावर त्याच्यासोबत झळकते ती चिनी लिपी. शब्द गंगेकाठचा आणि अक्षरे यांगत्सेकाठची!

भारतीय म्हणून ओळखू यावा असा ठळक माणूस एकच, गुरू पथिक. कृश देह, वाढलेली पांढरी दाढी, अंगावर भगवी छाटी, एकांतातील वास्तव्य. डिसेंबर २००६ मध्ये दाखविलेल्या ‘द गुरू’ या भागात तो आंगला सात चक्रे उघडण्याची विद्या देतो. हा भाग लक्षपूर्वक पाहिला तर लेखकांनी अभ्यास केला आहे, हे जाणवते. पाठीच्या कण्याच्या तळाशी पृथ्वी, त्यावर जल, मग अग्नी, हृदयाशी वायू आणि कंठाशी ‘नाद’. आपल्या शास्त्रात कंठस्थानच्या विशुद्ध चक्राचे तत्त्व आकाश आणि आकाशाचा गुण शब्द. म्हणजे हा क्रम अचूक आहे. प्रत्येक चक्राला अडविणारा एकेक विकार दाखविला आहे. भय, अपराधभाव, लज्जा, शोक, असत्य, भ्रम आणि शेवटी आसक्ती. मुलाला समजेल अशा भाषेत एवढे नेटके विवेचन आपल्याकडील किती बालवाङ्मयात आहे, हा प्रश्न मनाला बोचतो.

पण याच गुरूच्या हाती लेखकांनी पेला दिला आहे तो कांदा आणि केळे यांच्या रसाचा! प्रेक्षकांनी हसावे म्हणून. योगमार्गात कांदा वर्ज्य मानण्याची परंपरा आहे, ही गोष्ट कुठल्याही साधकाने सांगितली असती. चिनी अक्षराची एक रेघ चुकू नये म्हणून तज्ज्ञ आणि योग्याच्या पेल्यात काय असावे, हे विचारायला मात्र कुणी नाही! विनोदाला आमची हरकत नाही. आमच्या कीर्तनकारांनीही विनोद केला, आमच्या संतांनी ढोंगी गोसाव्यांचे वाभाडे काढले. परंतु ज्या संस्कृतीचे चार राष्ट्रांत एकही राष्ट्र नाही, तिचा एकमेव प्रतिनिधी विक्षिप्त म्हातारा असावा, हा केवळ विनोद राहत नाही. ती एक जुनी सवय असते. पाश्चात्त्य कल्पनेतला हिंदू फार पूर्वीपासून हाच आहे. झाडाखाली बसलेला, गूढ बोलणारा, थोडासा हास्यास्पद. त्याला राज्य नाही, नगर नाही, सैन्य नाही, शाळा नाही.

आणखी एक सूक्ष्म भेद. या मालिकेतील अवतार म्हणजे एकाच आत्म्याचे पुनःपुन्हा माणूस म्हणून जन्माला येणे. लहानग्या आंगने हजारो खेळण्यांतून पूर्वीच्या अवतारांची चार खेळणी अचूक निवडली आणि त्यावरून भिक्षूंनी त्याला ओळखले, असा प्रसंग आहे. ही पद्धत दलाई लामांच्या शोधाची आहे, दशावतारांची नव्हे. आपल्या परंपरेत अवतार म्हणजे उतरून येणे. ईश्वर स्वेच्छेने, धर्माच्या रक्षणासाठी, मर्त्यांच्या पातळीवर उतरतो. कर्मफळाने फिरत राहणारा जीव वेगळा आणि करुणेने उतरणारा ईश्वर वेगळा. शिवाय त्यांची तत्त्वे चार, आपली महाभूते पाच. मालिकेच्या मोजणीत आकाशाला स्थान मिळालेले नाही. हे भेद अमेरिकन लेखकांनी सांभाळावेत, अशी सक्ती आपण करू शकत नाही. पण आपल्या मुलाला ते कळावेत, एवढी अपेक्षा तरी आपण स्वतःकडून करणार की नाही?

चेहऱ्यांची लढाई

या मालिकेवरचा सर्वांत मोठा प्रेक्षक-संघर्ष झाला तो चित्रपटाच्या निमित्ताने. डिसेंबर २००८ मध्ये चित्रपटातील चार प्रमुख भूमिकांसाठी निवडलेल्या नटांची नावे प्रसिद्ध झाली. चारही गोरे! ज्या कथेतील प्रत्येक पात्र आशियाई किंवा ध्रुवीय संस्कृतीत वाढलेले, तिच्या नायक-नायिकांचे चेहरे युरोपीय. अमेरिकेतील तरुण प्रेक्षक संतापले. त्यांनी पॅरामाउंट कंपनीकडे पत्रे पाठविण्याची मोहीम उघडली, ‘रेसबेंडिंग’ या नावाने संघटन उभे केले, चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत दीड वर्ष निषेध चालू ठेवला. शिव्याशाप नव्हे, तोडफोड नव्हे. मुद्देसूद पत्रे, तुलनात्मक चित्रे, अभ्यासपूर्ण टिपणे. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्या लोकांची संस्कृती तुम्ही घेतली, त्यांच्या मुलांना पडद्यावर आपला चेहरा दिसू द्या.

पुढे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. खलपक्षातील राजपुत्र झुको याच्या भूमिकेसाठी निवडलेला गोरा गायक-नट बाहेर पडला आणि त्याच्या जागी ‘स्लमडॉग मिल्यनेअर’मुळे प्रसिद्ध झालेला देव पटेल आला. त्यापाठोपाठ अख्खे अग्निराष्ट्र सावळ्या रंगात रंगले. सेनापती झाओच्या भूमिकेत मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी, इतर भूमिकांत इराणी वंशाचा शॉन टौब आणि न्यूझीलंडच्या माओरी समाजातला क्लिफ कर्टिस. परिणाम असा झाला की जगाचा उद्धार करणारी तिन्ही मुले गोरी आणि जग जाळायला निघालेले राष्ट्र गव्हाळ-सावळे! मूळ मालिकेत आक्रमक राष्ट्राची घडण जपानवरून घेतली होती. चित्रपटाने ते ओझे भारतीय चेहऱ्यांच्या शिरावर ठेवले. आणि हे कुणी केले? पुदुच्चेरी प्रदेशातील माहे येथे जन्मलेल्या मनोज नाईट श्यामलन या दिग्दर्शकाने. चित्रपटात विविधता आहे, असा त्यांचा बचाव होता. विविधता होती, यात शंका नाही. तिची वाटणी कशी केली होती, हा प्रश्न होता.

जुलै २०१० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. समीक्षकांनी तो फाडून काढला आणि वर्षातील निकृष्ट चित्रपटांना दिले जाणारे पाच ‘रॅझी’ त्याच्या पदरी पडले. पैसा बऱ्यापैकी मिळाला, कीर्ती मिळाली नाही. योजलेले पुढचे भाग निघाले नाहीत. पुढे २०२४ च्या नेटफ्लिक्स मालिकेत नटांची निवड मात्र बव्हंशी आशियाई आणि मूळनिवासी वंशांतून झाली. चौदा वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनी धरलेला हट्ट वाया गेला नाही. प्रेक्षकाचे मत ही निष्क्रिय वस्तू नसते. ते संघटित, अभ्यासू आणि चिकाटीचे असेल तर बलाढ्य कंपनीलाही वळावे लागते, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

उच्चाराची गोष्ट

दुसरा धडा अधिक कडवट. चित्रपटात श्यामलन यांनी पात्रांच्या नावांचे उच्चार बदलले. मालिकेतील अमेरिकन वळणाचा ‘ॲव्हटार’ सोडून त्यांनी मूळ संस्कृत उच्चाराच्या जवळ जाणारा ‘अवतार’ पात्रांच्या तोंडी दिला. प्रेक्षक यावरही भडकले. आमच्या आवडत्या मालिकेतले नाव बिघडवले, असे त्यांचे म्हणणे पडले. क्षणभर थांबून विचार करावा, असा हा प्रसंग आहे. चेहऱ्यांसाठी लढणाऱ्या, परक्या संस्कृतीविषयी एवढ्या संवेदनशील असलेल्या त्याच तरुणांना शब्दाचा खरा उच्चार चुकीचा वाटला!

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी तो शब्द जसा ऐकला, तसा त्यांचा झाला. हजारो वर्षे जुना शब्द एका पिढीच्या कानात नव्याने जन्मला आणि त्याचे मूळ रूप उपरे ठरले. शब्द असाच हरवतो. तो कुणी लुटून नेत नाही. दुसऱ्याच्या तोंडी तो इतका रुळतो की मालकाचाच उच्चार अशुद्ध वाटू लागतो. आज आपल्या शहरी शाळांतील मुले ‘योगा’, ‘रामा’, ‘चक्रा’ म्हणतात, ते ऐकून आपल्याला काही वाटत नाही. मग फिलाडेल्फियातल्या मुलाने ‘ॲव्हटार’ म्हटले म्हणून हळहळण्याचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

शेवटच्या भागातला वाद आणि कुरुक्षेत्र

या मालिकेच्या रसिकांत आजही एक वाद रंगतो, तो अंतिम भागांविषयी. अग्निराज ओझाई पृथ्वीराज्य जाळून टाकायला निघाला आहे. त्याला ठार केल्यावाचून गत्यंतर नाही, असे सारे सोबती सांगतात. परंतु आंग भिक्षूंच्या संस्कारात वाढलेला. कुणाचाही जीव घ्यायचा नाही, ही त्याची धारणा. तो आपल्या पूर्वजन्मींच्या अवतारांना सल्ला विचारतो. एकामागून एक तेही त्याला कठोर निर्णयाकडेच ढकलतात. शेवटी तो वायुभिक्षूंच्याच कुळातील यांगचेन या अवताराला विचारतो. ती त्याच्या कोमलतेचे कौतुक करते, पण स्पष्ट सांगते की जगाचे रक्षण ज्याच्या शिरावर आहे त्याला स्वतःच्या आत्मिक शुद्धीचा मोहही सोडावा लागतो. कर्तव्य निःस्वार्थ असले पाहिजे.

हे संवाद ऐकताना कोणत्या भारतीय माणसाला कुरुक्षेत्रावरचा रथ आठवणार नाही? स्वजनांच्या वधाने हळवा झालेला अर्जुन, आणि त्याला कर्तव्याची आठवण करून देणारा सारथी. मालिकेच्या लेखकांच्या मनात गीता होती की नव्हती, हे महत्त्वाचे नाही. प्रश्न तोच आहे. पण उत्तर वेगळे निघते. ऐन वेळी एक महाकाय सिंह-कासव प्रकट होते, आंगला नवी विद्या देते आणि तो ओझाईला न मारता त्याची शक्ती हिरावून घेतो. नायकाचा हातही स्वच्छ, जगही सुरक्षित. रसिकांपैकी एक पक्ष म्हणतो, आंग आपल्या तत्त्वाशी प्रामाणिक राहिला. दुसरा पक्ष म्हणतो, लेखकांनी पेच सोडविला नाही, तो टाळला. आकाशातून तोडगा पाडला.

आमच्या मते दुसऱ्या पक्षात अधिक तथ्य आहे. श्रीकृष्णाने अर्जुनासाठी कोणतेही कासव बोलाविले नाही. प्रत्यक्ष भगवंत समोर असताना, विश्वरूप दाखविण्याचे सामर्थ्य असताना, त्याने अर्जुनाचे काम अर्जुनावरच ठेवले. शस्त्र टाकू नकोस, पण द्वेषाने उचलूही नकोस, हे त्याचे सांगणे. मालिकेचे उत्तर मुलांना दिलासा देते. गीतेचे उत्तर मोठे करते. परंतु हा फरक बारा वर्षांच्या मुलाला कोण दाखविणार? तो दाखवायचा तर बाबांनी शेवटचे चार भाग मुलाबरोबर पाहिले पाहिजेत आणि आईने नंतर विचारले पाहिजे, ‘तुझ्या मते यांगचेन बरोबर की आंग?’ या एका प्रश्नातून गीतेचा जो परिचय होईल, तो पाठांतर स्पर्धेतल्या पदकातून होणार नाही.

आपला प्रेक्षक कोणत्या पक्षाचा?

आता स्वतःकडे वळू. अमेरिकेतील आशियाई वंशाच्या तरुणांनी चेहऱ्यांसाठी लढा दिला. त्या लढ्याची भाषा आपल्याकडील पुरोगामी मंडळींनीही उचलून धरली. सांस्कृतिक अपहार, प्रतिनिधित्व, अस्मिता हे त्यांचे आवडते शब्द. पण हीच तत्त्वे हिंदू परंपरेला लावून पाहू म्हटले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. चिनी अक्षर अचूक असावे, ही संवेदनशीलता. योग्याची थट्टा नको म्हणणे, हा मात्र संकुचितपणा! एकाच तराजूला दोन पारडी असतात, दोन तराजू नव्हेत. ही विसंगती दाखवीत राहिले पाहिजे.

परंतु आपल्या घरातली विसंगतीही कमी नाही. आपल्यातल्या एका वर्गाला असे काही दिसले की ताबडतोब बंदी हवी असते. बंदीने काय साधते? मूल ती मालिका मित्राच्या घरी पाहते, आणि आपल्या परंपरेचे नाव निघाले की घरात फक्त आरडाओरड होते, एवढेच त्याच्या ध्यानात राहते. आपल्यातला दुसरा वर्ग तिसऱ्या मताचा, आधी सांगितलेल्या अभिमानवाल्यांचा. अमेरिकेने शब्द उचलला म्हणजे आपला विजय झाला, असे त्याला वाटते. ज्या शब्दासोबत देशाचे नाव गेले नाही, अर्थ गेला नाही, उच्चारही गेला नाही, त्या शब्दाच्या प्रवासाला विजय म्हणायचे असेल तर पराभव कशाला म्हणायचे?

सिंधुदुर्गातील जत्रांत आजही दशावतार रंगतो. त्यात वेद पळविणारा संकासुर येतो आणि विष्णू येऊन त्याचे पारिपत्य करतो. गावातली पोरे डोळे चोळत रात्रभर ते पाहतात. अवतार या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी व्याख्या करून सांगावा लागत नाही. पण त्याच कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतील किती मुलांनी हा खेळ पाहिला आहे? दशावतारांची दहा नावे न अडखळता सांगतील अशी आपल्या सोसायटीत किती मुले आहेत? चोरी जतन केलेल्या वस्तूची होते. आपणच माळ्यावर टाकलेली वस्तू शेजाऱ्याने पुसून दिवाणखान्यात मांडली, तर तिला चोरी म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

फाळक्यांचा मार्ग

प्रेक्षकाने काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्राला नवे नाही. १९१०च्या सुमारास मुंबईच्या एका चित्रपटगृहात एक मराठी माणूस येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहत बसला होता. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि याच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहत होते. त्या प्रेक्षकाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांनी त्या चित्रपटाचा निषेध केला नाही, त्यावर बंदी मागितली नाही, आणि नुसता सुस्काराही टाकला नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले, विद्या शिकून आले. सरस्वतीबाईंनी घरसंसार पणाला लावून साथ दिली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या लहानग्या मंदाकिनीनेच बाळकृष्ण साकारला. निर्जीव वस्तूंना एकेक चित्र घेऊन हलवायचे तंत्रही त्यांनी हाताळले; १९१५ ची त्यांची ‘आगकाड्यांची मौज’ त्याची साक्ष आहे. फाळके हे प्रेक्षक होते आणि त्यांच्या प्रेक्षक-मताचे नाव भारतीय चित्रपटसृष्टी!

याच्या उलट उदाहरणही आपल्या इतिहासात आहे आणि ते लपविण्यात हशील नाही. जपानच्या युगो साको यांना रामायणाने झपाटले आणि त्यांनी त्यावर चित्रपट करण्याचे ठरविले, तेव्हा गैरसमजातून हिंदू संघटनेचे निषेधपत्र जपानी दूतावासाकडे गेले होते. परक्याने रामकथेला हात लावू नये, असा सूर होता. साको यांनी शंकानिरसन केले, राम मोहन यांच्यासारखे भारतीय चित्रकार सोबत घेतले, आणि १९९३ साली भारतीय प्रेक्षकांपुढे आलेला ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा आजही या विषयावरच्या सर्वांत देखण्या चित्रपटांपैकी एक मानला जातो. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत नव्याने लागला, तेव्हा लहानपणी दूरचित्रवाणीवर तो पाहिलेले आईबाप मुलांना घेऊन गेले. श्रद्धेने आणि अभ्यासाने येणाऱ्या परक्याला जवळ करावे, गैरहजेरीत आपले नाव पुसणाऱ्याला प्रश्न विचारावा, इतका विवेक आपल्यात असला पाहिजे.

अनुकूल चिन्हे आहेत. २००५ सालच्या ‘हनुमान’ने दाखवून दिले की आपल्या कथांना मुलांचा प्रेक्षक आहे. २०२१ मध्ये ‘द लिजेंड ऑफ हनुमान’ ही मालिका आली. जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘महावतार नरसिंह’ या चित्रपटाला लाभलेल्या गर्दीने तर भल्याभल्यांचे अंदाज चुकविले. मात्र या यशात एक धोकाही आहे. देव आला, टाळ्या पडल्या, दैत्य मेला, एवढ्यावर आपण समाधान मानू लागलो तर ती भक्ती नव्हे, आळस ठरेल. आंगच्या कथेत मुले गुंततात ती त्याच्या सामर्थ्यामुळे नव्हे, त्याच्या संभ्रमामुळे. झुकोवर ती प्रेम करतात ते तो चुकतो आणि परत फिरतो म्हणून. आपल्याकडे नचिकेता आहे, ध्रुव आहे, कर्ण आहे, विभीषण आहे. मनाच्या उलघालीच्या एवढ्या कथा क्वचितच कुणाकडे असतील. त्या चमत्कारांच्या आतषबाजीखाली गाडू नयेत. आणि चिनी अक्षराची रेघ सरळ यावी म्हणून परक्यांनी जे कष्ट घेतले, त्याच्या निम्मे तरी कष्ट आपण आपल्या मंदिरांच्या शिल्पांसाठी, वस्त्रांसाठी, शुद्ध उच्चारांसाठी घेतले पाहिजेत.

सुजाण पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी म्हणूनच तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. मुले जे पाहतात ते त्यांच्याबरोबर पहावे. मालिकेत आपला शब्द आला की तिथेच थांबून त्याचा अर्थ सांगावा, आणि आपल्याला येत नसेल तर आधी स्वतः शिकून घ्यावा. निर्मात्यांना लिहावयाचे झाल्यास ‘रेसबेंडिंग’च्या तरुणांप्रमाणे अभ्यासपूर्वक, नेमके आणि नाव देऊन लिहावे, धमकीचे पत्र केराच्या टोपलीत जाते, माहितीचे पत्र टेबलावर राहते. बालशाखा, संस्कारवर्ग, वाचनालये यांतून दर महिन्याला एखादा भाग दाखवून त्यावर मुलांचीच चर्चा घडवून आणणे मुळीच अवघड नाही. मुले काय बोलतात ते ऐकून घेण्याची तयारी मात्र हवी.

अमेरिकेतील काही मुलांनी परक्या देशांच्या चेहऱ्यांसाठी दीड वर्ष लढा दिला. आपल्या शब्दासाठी आपण दिवसातला अर्धा तास देणार आहोत का, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही वाहिनीकडे नाही. ते आपल्या घरातील दिवाणखान्यात, मुलाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली वाट पाहत आहे.